बॉस एचएम-२डब्ल्यू पेडलचा रिव्ह्यू, डिसमेम्बर ह्या स्वीडिश डेथ मेटल बँडच्या नव्या अल्बमची वाट बघून राहिलेल्यांसाठी

आधी निकाल सांगून टाकतो, मग बाकीचं सविस्तर. ज्याला स्टॉकहोमच्या जुन्या डेथ मेटलचा तो चेनसॉ (करवतीसारखा) गिटार टोन पाहिजे, म्हणजे एन्टूम्ब्ड, डिसमेम्बर, कार्नेज ह्या बँडांचा, त्याने बॉसचं एचएम-२डब्ल्यू हे गिटारचा आवाज फाडणारं, पायाने दाबायचं पेडल बिनधास्त घ्यावं, पैसे वसूल आहेत. ज्याला एकाच पेडलमध्ये ब्लूजपासून मेटलपर्यंत सगळं पाहिजे त्याने याच्या वाटेला जाऊ नये. हे पेडल एकच काम करते, पण ते असं करते की पहिल्यांदा वाजवलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

आता हे घेतलं कशासाठी ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. डिसमेम्बर २०११ मध्ये फुटला आणि २०१९ मध्ये परत एकत्र आला, आणि नुसता एकत्र नाही आला तर तीच जुनी पाच माणसं घेऊन आला, माट्टी कार्की गायला, फ्रेड एस्टबी ड्रमवर, डेव्हिड ब्लोमक्विस्ट आणि रॉबर्ट सेनेबॅक गिटारवर, रिचर्ड कबेझा बेसवर. म्हणजे १९९१ च्या 'लाईक अॅन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम'वालीच टीम. त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम २००८ चा, आणि त्यात एस्टबी नव्हताच, तो २००७ मध्येच बाहेर पडला होता. तेव्हा २०१९ ची बातमी आल्यापासून आमच्या नागपुरातल्या मूठभर मेटलवाल्या पोट्ट्यांचं (पोट्टे म्हणतो, पण आता सगळे चाळिशीला टेकले आहेत) एकच सुरू आहे, नवीन अल्बम कधी, कसा असेल, त्यांचा पहिला अल्बम जिथे झाला तो सनलाईट स्टुडिओवाला आवाज येईल का. रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर दुसरा विषयच नसतो. शेजारचे लोक ऐकून राहतात आणि त्यांना वाटते आम्ही कोणत्या इलेक्शनवर बोलून राहिलो.

तर ह्या वाट बघण्यातच मी म्हटलं, अल्बम येईल तेव्हा येईल, तोपर्यंत तो आवाज तरी घरात आणू.

पेडलची गोष्ट थोडी सांगतो कारण ती माहीत असली की ह्या डब्ब्याची किंमत कळते. मूळ एचएम-२ बॉसने १९८३ मध्ये काढलं, नाव हेवी मेटल, आणि हेवी मेटलवाल्यांनीच त्याला फारसं जवळ केलं नाही. लोकांना तो आवाज कर्कश वाटायचा. पण स्टॉकहोममध्ये निहिलिस्ट नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता, त्यातल्या लाईफ कुझ्नरने ह्या पेडलचे सगळे नॉब टोकापर्यंत फिरवले आणि तिथून तो आवाज सुरू झाला असं त्या सीनमधले लोक मानतात. निहिलिस्टचं पुढे एन्टूम्ब्ड झालं, १९९० मध्ये त्यांचा 'लेफ्ट हँड पाथ' आला, सनलाईट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने रेकॉर्ड केलेला, आणि तिथेच वर्षभरात डिसमेम्बरचा पहिला अल्बम झाला. आणि गंमत बघा, ज्या १९९१ मध्ये डिसमेम्बरचा तो अल्बम आला त्याच वर्षी बॉसने हे पेडल बंद केलं. म्हणजे ज्यांनी ह्या वस्तूचं सोनं केलं त्यांची रेकॉर्ड दुकानात पोचली आणि वस्तूच बंद. मग पुढची तीस वर्षं लोक सेकंडहँड शोधत राहिले, किमती चढत गेल्या, दुसऱ्या कंपन्यांनी नकला काढल्या, आणि शेवटी २०२१ मध्ये बॉसने स्वतःच वाझा क्राफ्ट ह्या आपल्या वरच्या दर्जाच्या सिरीजमध्ये एचएम-२डब्ल्यू आणलं. जपानमध्ये बनते.

किंमत पाचआकडी आहे, लपवून उपयोग नाही. नागपुरात मला कोणत्याच दुकानात ठेवलेलं दिसलं नाही, दुकानवाले ऑर्डर देऊन मागवून देतो म्हणतात, मी ऑनलाइनच मागवलं. अॅडॅप्टर सोबत येत नाही हे लक्षात ठेवा. आणि अॅडॅप्टर घ्यायला बर्डीला जाणार असाल, मोदी नंबर तीनच्या गल्लीत वगैरे, तर दुकानदाराला नुसतं नऊ व्होल्ट सांगू नका, बॉसला मधला पिन निगेटिव्ह लागतो आणि साधे अॅडॅप्टर बहुतेक उलटे असतात, अॅडॅप्टरवर ते गोल चिन्ह छापलेलं असते ते स्वतः डोळ्याने बघून घ्या. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर पण चालते, पेडलचा पुढचा स्क्रू हाताने सैल केला की रबराचं झाकण वर येते, आत बॅटरी. जुन्या मूळ पेडलला बॉसचा वेगळा जुना अॅडॅप्टर लागायचा, ती कटकट यात नाही.

आता मुख्य गोष्ट. काळा डब्बा, नारिंगी अक्षरं, जुन्यासारखाच. नॉब बघा: लेव्हल, मग कलर मिक्समध्ये लो आणि हाय, मग डिस्टॉर्शन. ह्यातला हाय नावाचा नॉब खरा खेळ करतो. नाव हाय आहे म्हणून आपल्याला वाटते ट्रेबल वाढवत असेल, पण तो १ किलोहर्ट्झच्या आसपासचा मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, भाग उचलतो, आणि लोवाला नॉब १०० हर्ट्झच्या आसपास. म्हणून दोन्ही पूर्ण फिरवले की खालून दणका येतो आणि वरून ते खरखरीत दात, आणि ते दात नेमके तिथे बसतात जिथे आपल्या कानाला गिटार सगळ्यात जास्त ऐकू येते. बाकीचे मेटलचे पेडल लोक मिड कापून वाजवतात, घरी एकट्याने वाजवताना छान वाटते आणि बँडमध्ये गेलं की गिटार गायब. इथे उलटं आहे. ड्रम, बेस, गाणारा सगळे एका वेळी तुटून पडले तरी गिटार वर तरंगून राहते.

मी गिटार बी पर्यंत खाली उतरवली, जाड तारा लावल्या, चारही नॉब उजवीकडे टोकाला नेले, लेव्हल सोडून कारण घरात लहान पोरं आहेत, आणि फक्त सहावी तार तळहाताने दाबून एकदा मारली. नोट सुटल्याबरोबर आधी धप्प, मग त्याच्या मागून तो घर्षणाचा आवाज, लाकडात करवत घुसल्यावर पहिल्या सेकंदाला येतो ना तसा, आणि हात उचलला की आवाज लगेच थांबत नाही, थोडा फरफटत जातो. हेच ते फरफटणं. रेकॉर्डमध्ये इतकी वर्षं ऐकलं होतं, आणि आता ते माझ्या पायाखालून येऊन राहिलं होतं. वीस मिनिटं मी एकच रिफ (गिटारचा तोच तो तुकडा) वाजवत बसलो असेन, बायको दोनदा डोकावून गेली, काही बोलली नाही.

वरचा छोटा स्विच स्टँडर्ड आणि कस्टमचा. स्टँडर्डमध्ये जुना आवाज, कस्टममध्ये गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, अजून मिळतो आणि खालचा भाग भरीव होतो. आमच्यातले कडवे लोक कस्टमला हात लावू नका म्हणतात, मला ते पटत नाही. एकट्या गिटारने रियाज करताना स्टँडर्डच पाहिजे, त्यातला तो कच्चा कोरडेपणा जाऊ नये. पण बँडमध्ये एकच गिटार असेल तर कस्टम लावा, दुसऱ्या गिटारची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. आणि सगळे नॉब टोकाला हे धर्मवाक्य समजू नका, डिस्टॉर्शन थोडं मागे घेतलं तरी चेनसॉ तसाच राहतो आणि भराभर बदलणाऱ्या नोटा साफ ऐकू येतात. निम्म्यावर आणलं तर साधा जुना हार्ड रॉकचा आवाज पण निघतो, चांगला निघतो, पण त्यासाठी इतके पैसे कोणी घालू नये.

त्रास कुठे आहे ते पण सांगतो. गोंगाट. इतका गेन आहे की पेडल चालू ठेवून गिटारच्या तारांवरचा हात उचलला की श्श्श सुरू होते, ते होणारच, नॉइज गेट (वाजवत नसताना गोंगाट बंद करणारं यंत्र) असेल तर लावा. पण आपल्या इकडे जुन्या घरांमध्ये अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि वरून उन्हाळ्यात कूलर. मी मे महिन्यात वाजवून राहिलो होतो, नवतपा लागलेला, कूलर बंद करायची सोयच नाही, आणि कूलरची मोटर सुरू झाली की स्पीकरमधून अखंड घर्रर्र. पंख्याच्या रेग्युलेटरचं पण तेच, पंखा दोनवर ठेवला तर आवाज आणि पूर्ण पाचवर ठेवला तर शांत. आम्ही शेवटी कूलरची लाइन वेगळ्या खोलीतून घेतली, पेडल बॅटरीवर चालवलं आणि ऐंशी टक्के त्रास गेला. सिंगल कॉइलवाली गिटार असेल तर मात्र जपून, हंबकरच (गुणगुण कापणारा दुहेरी कॉइलचा पिकअप) पाहिजे इथे. हा पेडलचा दोष म्हणता येत नाही, पण विकणारे हे सांगत नाहीत आणि आपल्याकडचा माणूस पहिल्याच दिवशी घाबरून वस्तू खराब आली म्हणून परत करायला निघतो.

छोट्या प्रॅक्टिस अॅम्पवर पण फार आशा ठेवू नका. दहा वॉटवाल्या डब्ब्याचा स्पीकर तो खालचा दणका पेलूच शकत नाही, नुसता भडभडतो, तिथे लो अर्ध्यावर आणा. त्यापेक्षा ऑडिओ इंटरफेस असेल तर कॉम्प्युटरमध्ये अॅम्प आणि कॅबिनेटचं सॉफ्टवेअर लावून हेडफोनवर ऐका, रात्री बारा वाजता सुद्धा पूर्ण आवाज मिळते आणि मोहल्ल्यात कोणी उठत नाही.

स्वस्तात बेहरिंगरचं एचएम३०० आहे, प्लास्टिकचं, ह्याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येते. कॉलेजातल्या पोरांनी तेच घ्यावं, मी मनापासून सांगतो, आवाजाची जात तीच आहे. फरक दिसतो तो जोरात वाजवल्यावर, त्याचा खालचा भाग पातळ आहे आणि गोंगाट जास्त, आणि पाय जोरात पडला तर डब्ब्याची भीती वाटते. बॉसवर ट्रकचं चाक गेलं तरी बहुतेक काही होणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती. पेडल आलं त्याच्या नंतरच्या रविवारी आमच्यातला ड्रमवाला भाऊ आला, मी आणि तो, बेस नाही काही नाही, आणि आम्ही 'ओव्हरराइड ऑफ द ओव्हरचर' लावलं, पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं. गिटारचा आवाज ऐंशी-नव्वद टक्के तोच. तरी गाणं ते वाटेना. मग त्याने ब्लास्टबीट (तो अतिवेगवान ठोका) सोडून दिला आणि साधा डी-बीट धरला, तो पंकवाला, धावणारा पण किंचित मागे झुकलेला, जसा एस्टबी वाजवतो, आणि एकदम खोलीतली हवाच बदलली. तेव्हा दोघांनी थांबून एकमेकांकडे बघितलं. डिसमेम्बर वेगाने कधीच जिंकला नाही, त्यांच्यापेक्षा फास्ट बँड तेव्हाही ढीगभर होते. तो जिंकला एस्टबीच्या ह्या चालीवर आणि गिटारच्या सुरांवर, ते दोन गिटारींचे सूर सरळ आयर्न मेडनच्या घराण्यातले आहेत, चेनसॉच्या ढिगाऱ्यातून अचानक गाता येईल अशी मेलडी वर येते. १९९७ च्या 'डेथ मेटल' अल्बममध्ये हे सगळ्यात जास्त ऐकू येते, माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम तोच, पहिला नव्हे, ह्यावर ठेल्यावर भांडण होते ते होऊ द्या.

म्हणून आमच्यातले जे म्हणतात ना की "अबे आपल्याले काय नको, ९१ चाच आवाज दे, जसाचा तसा," त्यांच्याशी माझं आता जमत नाही. आवाज तर दुकानात मिळून राहिला भाऊ. पैसे टाका, नॉब फिरवा, झाला १९९१. जगभर आज शेकडो बँड एचएम-२ लावून तोच आवाज काढतात, काही तर फार सुंदर काढतात, आणि चार गाण्यांनंतर एक गाणं लक्षात राहत नाही. पाच जुनी माणसं परत एकत्र येऊन अल्बम करणार असतील तर मला त्यांच्याकडून आवाज नको, तो असणारच आहे. मला पाहिजेत गाणी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी लिहिलेली, ज्यात एस्टबी आणि ब्लोमक्विस्ट एकमेकांचं ऐकून वाजवत आहेत हे कळेल. माट्टी कार्कीचा आवाज पण आता पूर्वीसारखा विशीतला नाही राहणार, तो जसा आहे तसाच ठेवावा, त्यावर कॉम्प्युटरचे थर चढवू नयेत.

आणि परत एकत्र येऊन काढलेले अल्बम कसे होऊ शकतात ह्याचे नमुने आपल्यासमोर आहेत. मॉर्बिड एंजल बँडमध्ये त्यांचा जुना गायक डेव्हिड व्हिन्सेंट परत आला, लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, आणि २०११ मध्ये 'इलुड डिव्हिनम इन्सानस' आला त्यात मधेच टेक्नोसारखी इंडस्ट्रियल गाणी. मला नवीन काही करण्याचा राग नाही, पण ती गाणी अर्धवट वाटली, कोणाला काय करायचं होतं तेच ठरलं नव्हतं असं. त्याच वर्षी ऑटोप्सीने 'मकाब्र इटर्नल' काढला आणि तो असा की १९९५ मध्ये हे लोक थांबलेच नव्हते. कार्कासचं मला सगळ्यात जास्त आवडते. 'स्वानसाँग' १९९६ चा, त्यानंतर थेट २०१३ मध्ये 'सर्जिकल स्टील', सतरा वर्षांनी. ड्रमवर नवीन पोरगा डॅन वाइल्डिंग, कारण मूळचा केन ओवेन १९९९ मध्ये ब्रेन हॅमरेजमधून वाचलेला, तो पूर्वीसारखा वाजवू शकत नाही. पण त्याला बाजूला नाही ठेवलं त्यांनी, मागच्या आवाजांमध्ये त्याला गायला घेतलं. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून तो अल्बम ऐकताना दरवेळी मी त्याचा आवाज शोधतो. आणि पझेस्ड, १९८६ नंतर पूर्ण लांबीचा अल्बम २०१९ मध्ये, तेहेतीस वर्षांनी, जेफ बेसेरा १९८९ मध्ये गोळी लागल्यापासून व्हीलचेअरवर आहे आणि तिथूनच गातो. त्या अल्बममध्ये दम आहे बापा. आदराने ऐकावा असा नाही, खरोखर पुन्हा पुन्हा लावावा असा.

अॅट द गेट्सने १९९५ नंतर २०१४ मध्ये 'अॅट वॉर विथ रिअॅलिटी' काढला तेव्हा आमच्यापैकी अर्ध्यांनी नाक मुरडलं होतं, जुन्यासारखा धारदार नाही म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचा गायक टोमास लिंडबर्ग गेला, आणि त्या आठवड्यात त्याच लोकांनी तोच अल्बम परत लावला. एन्टूम्ब्डचा गायक एलजी पेट्रोव्ह मार्च २०२१ मध्ये गेला, ४९ वर्षांचा. हे सगळे आमच्या पोस्टरवरचे लोक. म्हणून मला डिसमेम्बरच्या अल्बमची घाई पण आहे आणि नाही पण, घाई ह्यासाठी की पाचही जण आज आहेत, आणि नाही ह्यासाठी की ह्यांनी लेबलच्या किंवा फेस्टिवलच्या तारखेसाठी अर्धी भाजलेली गाणी बाहेर काढू नयेत. आला की फिजिकल कॉपीच घेणार, सीडी असो की विनाइल, कस्टम ड्यूटी लागली तरी चालेल. १९९२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम इंग्लंडच्या कस्टमवाल्यांनी अडवून अश्लील म्हणून कोर्टात नेला होता आणि केस बँडच्या बाजूने सुटली, म्हणून तर पुढच्या अल्बमचं नाव 'इनडीसेंट अँड ऑब्सीन'. त्यापुढे आमची ड्यूटी म्हणजे काहीच नाही.

तर पेडलवर परत येतो. डेथ मेटल वाजवता, आणि त्यातही स्वीडनचं आवडते, तर घ्या. फ्लोरिडावालं, म्हणजे डेथ, मॉर्बिड एंजल ह्या बँडांचं, तसं कडक आणि नेमकं रिफिंग करायचं असेल तर घेऊ नका, हे नोटा चिकटवते, तिथे दुसरं काही बघा. बेस वाजवणाऱ्यांनी तर एकदा लावून बघाच, क्लीन आवाजात थोडं मिसळलं की बेस भिंतीतून बाहेर येते. सेकंडहँड मिळालं तर चारही नॉब फिरवून खरखर येते का ऐका, स्विच दोन्हीकडे करून बघा, आणि अॅडॅप्टरचं तोंड हलवून बघा, बाकी बिघडण्यासारखं फार काही नाही त्यात.

नागपुरात कोणाकडे ऐंशीच्या दशकातलं मूळ जपानी एचएम-२ असेल तर खाली सांगा, दोन्ही शेजारी ठेवून एकाच गिटारवर वाजवून बघायची फार इच्छा आहे. जागा आमच्याकडे आहे, ड्रम पण आहे, रविवारी दुपारनंतर कोणीही या. बेस वाजवणारा कोणी असेल तर तो आधी या.